मनगटाला हात लावायच्या आधी

प्रिय मावशी,

माझी धाकटी बहीण 29 वर्षांची आहे. 5 वर्षांपूर्वी तिला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी तिनं गोळ्या सोडल्या, झोप उडाली, कानातले आवाज वाढले. मी तिला म्हटलं, ‘चल, आत्याकडे जाऊन येऊ.’ माझ्या शब्दावर ती गाडीत बसली. रुग्णालयाचं फाटक दिसल्यावर पळायला लागली, तेव्हा काकांनी आणि दोन वॉर्डबॉयनी धरून ओढणीनं तिचे हात बांधले. झटापटीत बांगड्या फुटल्या. आत इंजेक्शन देऊन रात्रभर पलंगाला बांधून ठेवलं.

आता आवाज कमी आहेत, गोळ्या माझ्या हातून घेते. पण दार लावून झोपत नाही, मनगटाला हात लावू देत नाही. मध्यंतरी आईनं वरणात गोळी कालवली होती, ते तिला कळलं. तेव्हापासून सगळ्यांचं जेवण झाल्यावर स्वतः वाढून घेते. तपासणीला नेलं तेव्हा प्रेशरचा पट्टा तिनं भिरकावला. कागदावर ‘आक्रमक’ असं लिहिलं. आता जायचं नाव काढलं तरी थरथरते. आई म्हणते, झालं गेलं उकरू नकोस, पुन्हा बिघडेल. मी तिच्याशी बोलू का? आणि पुन्हा तशी वेळ आली तर काय करू? या गौरीला तिला कासाराकडे न्यायचं माझ्या मनात आहे.

ता. क. आजारात ती एका नातेवाइकाचं नाव घेऊन ‘त्याला घरात घेऊ नका’ म्हणायची. आम्ही भ्रम समजलो. ते अजून येतात.

— थोरली, सातारा जिल्हा

प्रिय थोरली,

तुझ्या पत्राला ता. क. पासून उत्तर देते, कारण बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, ते थांबू शकत नाही. त्या नातेवाइकाचं येणं आजपासून बंद कर. ती खरं सांगत होती की भ्रमात होती, याचा निवाडा आज तुला करायचा नाही आणि तिलाही खोदून विचारायचं नाही. फक्त एकदा, भांडी घासताना किंवा कपडे वाळत घालताना, सहज सांग: ‘तू म्हणाली होतीस ते माझ्या लक्षात आहे. आता ते घरी येणार नाहीत.’ ती काही बोलली तर ऐक, नाही बोलली तर विषय सोड. आईला कारण काय सांगायचं हे तू बघशील. थोरल्या लेकीला ते जमतं. पुढे तिला तक्रार करावीशी वाटली तर रस्ता आहे, पण तो धरायचा की नाही ते तिनं ठरवायचं.

भ्रम असणारं माणूस खरंही बोलतं, हे आपण फार सहज विसरतो. एकदा कपाळावर निदान चिकटलं की त्या माणसाचा राग आजाराचा, रडणं आजाराचं, नको म्हणणंसुद्धा आजाराचंच. तुझ्या पत्रातलं वरण बघ. बहीण सगळ्यांचं झाल्यावर स्वतः वाढून घेते. नवख्या डॉक्टरला हे सांगितलंस तर तो ‘अन्नात काहीतरी घातल्याचा संशय’ असं लिहील, आणि लक्षण म्हणून ते अगदी चपखल बसेल. पण तिच्या अन्नात खरंच काहीतरी घातलं होतं. तो संशय तिनं अनुभवातून शिकलेली सावधगिरी आहे. आजाराला ज्या तऱ्हेचा संशय आवडतो, नेमका तोच आपण हातानं खरा करून दाखवला. म्हणून गोळी लपवून देणं कायमचं बंद. आईला हे चिडून सांगू नकोस. ती माउली घाबरलेली आहे, लेकीला पुन्हा त्या रात्रीत जाताना तिला बघायचं नाही.

आजार खरा आहे, गोळ्या लागतात, त्या चालूच राहू देत. मी जे सांगते आहे ते गोळ्यांच्या बदल्यात नव्हे, गोळ्यांच्या जोडीनं. आजाराशेजारी एक जखम आहे. ती काही लहानपणाची असेल, काही मागच्या वर्षीची आहे, आणि उपचारांच्या नावाखाली झालेली जखमसुद्धा जखमच असते. 2012 साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा दिसलं, की बालपणी छळ, अत्याचार, हेळसांड सोसलेल्यांत पुढे सायकोसिस, म्हणजे आवाज, भ्रम यांनी वास्तवाचं भान सुटण्याचा आजार, होण्याची शक्यता जवळपास तिप्पट असते. याचा अर्थ प्रत्येक रुग्णाच्या मागे अत्याचार असतोच असा नाही. घरच्यांनी स्वतःला दोषी धरावं असाही नाही. पण ‘हिला काय झालंय’ एवढ्यावर न थांबता ‘हिच्या बाबतीत काय घडलंय’ हेही विचारायला हवं. मानसोपचारात याला ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर म्हणतात. सोसलेल्याची जाण ठेवून केलेली शुश्रूषा, असं मी म्हणेन.

आता आईची भीती. उकरलं तर बिघडेल का? ही भीती डॉक्टरांनाही होती, म्हणून सायकोसिस असलेल्यांना आघातावरचे उपचार द्यायला बरीच वर्षं कोणी धजत नसे. 2015 मध्ये नेदरलँड्समधला 155 जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सायकोसिसचा आजार होता आणि जोडीला आघातानंतरचा त्रास, म्हणजे पीटीएसडी. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या आठवणींवरच काम करणारे उपचार दिले. ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं त्रासदायक आठवणींवर काम करणं, हा त्यातलाच एक. उपचार सुरक्षित ठरले आणि त्रास कमी झाला. पण ते काम शिकलेल्या थेरपिस्टचं. तू तिला ‘त्या रात्री काय काय झालं सांग’ असं बसवून विचारायचं नाहीस.

तू बोलायचंस ते तुझ्या वाट्याचं. ‘मी तुला आत्याकडे नेते म्हणाले आणि दवाखान्यात नेलं. ते खोटं होतं. माझं चुकलं. यापुढे तुला कुठेही नेताना कुठे चाललोय ते मी खरं सांगेन, तुला आवडणार नसलं तरी.’ बस्स. ‘पण तुझ्या भल्यासाठीच केलं गं’ हे शेपूट लावू नकोस. ते खरं आहे, पण त्यानं माफीची हवाच निघून जाते. तिनं लगेच माफ करावं अशी अपेक्षाही धरू नकोस. ती उठून निघून जाईल कदाचित. जाऊ दे. शब्द पाळलास की तिला दिसेल, आणि तो पाळायची संधी रोज येते: रिक्षा कुठे चालली आहे, फोनवर कोणाशी बोललीस, डॉक्टरांना तिच्याबद्दल काय सांगितलंस. सगळं तिच्यासमोर.

तपासणीचं बघू. त्या पट्ट्यापाशी मी जरा थांबते. प्रेशरचा पट्टा दंडाला गुंडाळतात, मग तो फुगतो, घट्ट होतो, आणि मिनिटभर हात सोडवून घेता येत नाही. जिचे हात रात्रभर बांधलेले होते तिला हे कसं वाटेल? तिनं पट्टा भिरकावला आणि कागदावर ‘आक्रमक’ उमटलं. पुढचा डॉक्टर तो शब्द वाचूनच तिच्याकडे बघणार, दोन माणसं जवळ उभी करणार, ती आणखी घाबरणार. हे चक्र तुला तोडता येईल. तिच्या परवानगीनं डॉक्टरांना आधी एकटी भेट आणि साध्या शब्दांत सांग: मागच्या वर्षी हिला बांधलं होतं, मनगटाला आणि दंडाला स्पर्श झाला की ती त्या रात्रीत जाते. पट्टा आधी तिच्या हातात द्या, कधी फुगणार ते सांगा, ‘थांबा’ म्हणाली की हवा सोडा. दार अर्धवट उघडं ठेवा, तिची खुर्ची दाराजवळ असू द्या. आज प्रेशर नाही बघितलं तर चालेल का, हेही विचार. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं जास्त लागतात. डॉक्टरांनी उडवून लावलं तर डॉक्टर बदल, मला त्यात काही वावगं वाटत नाही. आणि बांधलं होतं त्याच इमारतीत तिला पुन्हा नेण्याचा हट्ट धरू नकोस. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही दाखवता येतं.

पुन्हा वेळ आली तर? याची तयारी आत्ता करायची, ती बरी असताना आणि तिच्यासोबत बसून. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. कोणत्याही सज्ञान माणसाला आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवायचा हक्क तो देतो. त्याला आगाऊ निर्देश म्हणतात. आपल्या वतीनं कोणी बोलायचं, तो नामनिर्देशित प्रतिनिधीही तिला निवडता येतो. ती तुलाच निवडेल असं गृहीत धरू नकोस. मैत्रिणीचं नाव लिहिलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस. आगाऊ निर्देश नोंदवायचा कसा, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचार. या कायद्याखाली तिला मोफत कायदेशीर मदत मिळते. तातडीच्या उपचारांच्या वेळी हा निर्देश लागू होत नाही, हेही तिला आधीच सांग, नाहीतर ते दुसरं खोटं होईल.

कागदात मोठे शब्द नकोत. झोप तीन रात्री उडाली तर कोणी आणि कसं सांगायचं. कोणत्या औषधानं मागच्या वेळी अंग आखडलं किंवा एका जागी बसवेना. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर सोबत कोण हवं, कोण नको. काकांचं नाव ती ‘नको’च्या रकान्यात घालेल. घालू दे.

तिच्या बाबतीत जे घडलं त्याबद्दल कायदा काय म्हणतो, हेही तुला माहीत हवं. हातपाय बांधणं हे तत्काळ धोका टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि गरजेपुरतंच करता येतं. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. बांधलंच तर प्रतिनिधीला 24 तासांत कळवावं लागतं. साखळदंडाला तर पूर्ण बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमात 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. 28 जण गेले. बंदी कायद्यात यायला पुढे 16 वर्षं लागली. मागच्या वर्षीच्या नोंदी मागायचा हक्क तिला आहे. त्या बघायच्या की नाहीत, हे तिला विचार.

मध्येच ती जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलली, किंवा रात्री तुला काही सुचेना झालं, तर 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लाव. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तिच्यासाठीच नव्हे, स्वतःसाठीही लाव. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आजारी माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करते. साताऱ्याहून पुणं काही लांब नाही, एकदा आईला घेऊन जाऊन ये. दुसऱ्या कोणाच्या आईनं ‘मीही वरणात घालत होते हो’ म्हटलेलं तिनं ऐकलं तर माझ्या पानभर लिहिण्यापेक्षा ते जास्त लागू पडेल.

राहिला कासार. तुझ्या मनात माया आहे ते कळतं. फुटलेल्या बांगड्यांच्या जागी नव्या भराव्यात असं कोणालाही वाटेल. पण बांगडी भरताना कासार काय करतो आठव. हात आपल्या हातात घेतो, अंगठ्याखालचा भाग दाबून पंजा चिमटतो आणि काच मनगटापर्यंत रेटतो. या गौरीला तिथे नेऊ नकोस. बांगड्या हव्यात का, एवढं विचार. हो म्हणाली तर एक माप मोठ्या, तिच्या तिला चढवता-उतरवता येतील अशा आण, आणि डबा देव्हाऱ्याशेजारी ठेवून दे.

— मावशी