नोकरीत नमाज सांभाळायची तर आधी वुजू सांभाळा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: दिवसभराच्या नमाजा घरी जाऊन एकदम पढल्या तर चालतील का, आणि साहेबांकडे मधला वेळ कसा मागायचा. पहिलीचं उत्तर सरळ आहे, नाही चालणार. कझा ही सुटलेली नमाज भरून काढायची सोय आहे, रोजचं वेळापत्रक नव्हे. नमाज ठरावीक वेळांना फर्ज (सक्तीची) आहे, हे कुरआनातल्या सूरह (अध्याय) निसाच्या 103व्या आयतीत स्पष्ट आहे. या मुद्द्यावर मी जवळच्या माणसांशी कैक वर्षं भांडत आलोय आणि दरवेळी समोरून एकच कारण येतं: वेळ मिळत नाही. मला ते पटत नाही. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजच्या, चार रकात (नमाजच्या फेऱ्या) फर्ज शांतपणे पढायला पाच-सहा मिनिटं पुरतात. आधीच्या चार आणि नंतरच्या दोन सुन्नत (प्रेषितांच्या रिवाजाच्या, सक्तीच्या नव्हेत) धरल्या तरी पंधरा मिनिटांत आटपतं. वेळ जातो तो वुजूत, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्यात. बूट काढा, मोजे काढा, बाह्या सारा, बेसिनमध्ये पाय कसा ठेवू म्हणून अवघडून उभे राहा, लोक बाहेर जायची वाट बघा. नमाज सुटते ती इथे.

म्हणून घरातून निघतानाच पूर्ण वुजू करून निघा आणि जमेल तितका टिकवा. हनफींकडे (हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली या धर्मनियमांच्या चार सुन्नी पद्धती) फर्ज चारच आहेत: चेहरा धुणं, कोपरांसह हात धुणं, डोक्यावर मसह (ओला हात फिरवणं) आणि घोट्यांसह पाय धुणं. तीन-तीनदा धुणं सुन्नत आहे, घाई असेल तर एकदा नीट धुतलं तरी वुजू होतो, प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी एकेकदा धुतल्याची हदीस (त्यांच्या उक्ती-कृतीची नोंद) बुखारी या संग्रहात आहे. त्यांचा वुजू एका मुद्द (जुनं माप) पाण्यात व्हायचा, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास (हनफी मापाने लिटरभर). अर्धवट उघडा नळसुद्धा मिनिटाला पाच-सहा लिटर सोडतो. त्यामुळे नळ बंद करत-करत वुजू करा, किंवा एक बाटली भरून घ्या. बाटलीचा फायदा असा की पाय बेसिनमध्ये टाकावा लागत नाही, शौचालयाच्या मोरीवर उभ्या-उभ्या धुता येतो. घट्ट बाहीचा शर्ट असेल तर कोपराची मागची बाजू हमखास कोरडी राहते, आणि घाईत टाच. टाचा कोरड्या ठेवणाऱ्यांना हदीसमध्ये फार कडक इशारा आहे. घट्ट अंगठी हलवून खाली पाणी पोचवा. नखांना पॉलिश असेल तर पाणी नखापर्यंत जात नाही, वुजू होत नाही. झालं की बेसिनचा कठडा आणि फरशी स्वतः पुसून काढा. नमाजबद्दल सहसा कुणी तक्रार करत नाही, ओल्या फरशीबद्दल करतात, आणि ती तक्रार रास्त असते.

पायांचा प्रश्न कायमचा सोडवायचा असेल तर चामडी मोजे घ्या. इतकी मोठी सवलत असून लोक ती वापरत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. पाय धुऊन पूर्ण वुजू झाल्यावर मोजे घालायचे, घोटे झाकले गेले पाहिजेत. त्यानंतर वुजू तुटला (शौच-लघवी वगैरेंनी बाद झाला) की पुढच्या वुजूत पाय धुवायचे नाहीत, ओली बोटं मोज्याच्या वरच्या बाजूने पायाच्या बोटांकडून नडगीकडे एकदा ओढायची. तळव्याला नाही. प्रेषितांचे जावई हजरत अली (रजि.) म्हणाले होते की दीन नुसत्या अकलेवर चालला असता तर वरच्या भागापेक्षा तळव्यावर मसह करणं जास्त योग्य ठरलं असतं. मुदत मुकीमला (मुक्कामी माणसाला) एक दिवस-रात्र, मुसाफिराला (प्रवाशाला) तीन. ही मुदत मोजे घातल्यापासून मोजत नाहीत, त्यानंतर पहिल्यांदा वुजू तुटला तिथपासून मोजतात. म्हणजे सकाळी सातला मोजे घातले आणि अकराला वुजू तुटला, तर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत मसह चालतो. मुदत संपली किंवा एक जरी मोजा निघाला तरी मसह संपला. बाकी वुजू शाबूत असेल तर हनफींकडे फक्त दोन्ही पाय धुवायचे. गुस्ल (पूर्ण अंघोळ) फर्ज झाला की मोजे काढावेच लागतात.

साध्या सुती मोज्यांवर मसह करणारे खूप दिसतात. हनफी पद्धतीत तो होत नाही. मोजा चामडी नसेल तर इतका जाड हवा की न बांधता पायावर उभा राहील, पाणी आत झिरपणार नाही आणि नुसत्या मोज्यावर चालता येईल. हंबलींकडे जाड कापडी मोज्यांना मुभा आहे, आणि पाणी न शिरणारे आजकालचे मोजे पुष्कळ उलमा (धर्मपंडित) मान्य करतात. तुम्ही ज्या मसलकचे (पंथपद्धतीचे) असाल तिथल्या मुफ्तींना (धर्मनियम सांगणाऱ्या विद्वानांना) मोजा हातात देऊन विचारा.

वुजू कशाने तुटतो हे सहसा कुणी तपशिलात सांगत नाही, पण कामाच्या जागी तेच उपयोगी पडतं. शाफई असाल तर गैरमहरम (ज्यांचं आपसात लग्न होऊ शकतं अशा) स्त्री-पुरुषांच्या कातडीला कातडी लागली की वुजू गेला, म्हणजे हस्तांदोलनानेही, हनफींकडे नाही. खुर्चीला रेलून अशी डुलकी लागली की टेकू काढला तर माणूस पडेल, तर हनफींकडे वुजू तुटतो. नुसती शंका आली की तुटला असेल बहुतेक, तर तुटलेला नाही. आणि इमारतीत पाणी असताना तयम्मुम (पाण्याऐवजी मातीने केलेली शुद्धी) नाही. कुणी बघेल ही लाज हा उज्र (मान्य सबब) होऊ शकत नाही.

आता वेळांचं. तुमच्या कामाच्या तासांत जोहर आणि असर (दुपारनंतरची) पडतात, हिवाळ्यात मगरिबही (सूर्यास्तानंतरची). जोहरचा अवधी ऐसपैस असतो, तिथे ओढाताण व्हायला नको. असरला वस्तूची सावली दुपारची मूळ सावली सोडून एकपट झाली की शाफई, मालिकी आणि हंबलींकडे वेळ सुरू होते. हनफींकडे दुप्पट झाल्यावर. इमाम अबू हनीफांचे दोन्ही मोठे शागिर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, एकपटीचंच मत सांगतात, तेव्हा खरी अडचण असलेल्या हनफीने याबाबत आपल्या मुफ्तींना जरूर विचारावं. सूर्य पिवळा पडेपर्यंत असर लांबवणं मकरूह (नापसंत) आहे, पण लांबली तरी सोडू नका, मावळण्याआधी पढा. मगरिबला मात्र दिरंगाई करू नका, तिचा अवधी तोकडा असतो.

दोन नमाजा जोडायचं म्हणाल तर हनफी फक्त हजमध्ये जोडतात, मक्केजवळच्या अरफातला जोहर-असर आणि मुज्दलिफाला मगरिब-इशा (रात्रीची नमाज). बाकीचे इमाम सफरमध्ये मुभा देतात, हंबली आजारपणात आणि फार मोठ्या अडचणीतही. प्रेषितांनी मदीनेत भीती वा पाऊस नसताना जोडल्याची त्यांचे चुलतभाऊ इब्ने अब्बास (रजि.) यांची हदीस सहीह मुस्लिम या संग्रहात आहे, आणि लोक तीच माझ्या तोंडावर फेकतात. ती उम्मतीला (मुस्लिम समाजाला) अडचणीत टाकू नये यासाठी आहे. रोजची बैठक ही अशी अडचण नव्हे. त्यापेक्षा जोहर तिच्या शेवटच्या वेळेत आणि असर पहिल्या वेळेत पढा. दोन्ही आपापल्या वेळेत होतात, एकाच वुजूत आणि एकाच सुट्टीत. हे सगळ्यांना मान्य आहे.

जागेचा बाऊ करू नका. कुठलीही स्वच्छ कोरडी जागा चालते, पुढे खुर्ची ठेवली की सुतरा (नमाजीसमोरचा आडोसा) झाला. किबल्यासाठी (नमाजची, म्हणजे काबाची दिशा) मोबाइलमधल्या होकायंत्रावर डोळे मिटून विसंबू नका. लोखंडी कपाट किंवा लॅपटॉपजवळ सुई भरकटते. खिडकीपाशी जाऊन दिशा घ्या आणि भिंतीवर नेहमीसाठी एखादी खूण धरा. दरवर्षी 27-28 मेला मक्केच्या 12:18 वाजता आणि 15-16 जुलैला 12:27 वाजता सूर्य थेट काबाच्या माथ्यावर असतो. त्या क्षणी तुमच्याकडे ऊन असेल तर सूर्याच्या दिशेने तोंड केलं की किबला अचूक मिळतो.

घाई मात्र रकातींच्या आत करू नका. वेळ कमी असेल तर लहान सूरह घ्या, पण रुकूनंतर (कमरेत वाकल्यावर) पाठ सरळ होऊ द्या आणि दोन सजद्यांच्या (जमिनीला कपाळ टेकण्याच्या) मध्ये नीट बसा. भरभर नमाज उरकणाऱ्याला प्रेषितांनी तीनदा परत पाठवलं होतं, "जा, पुन्हा पढ, तू नमाज पढलीच नाहीस" म्हणून. सुन्नत एखाद्या दिवशी खरोखर अडचण असेल तर राहू द्या, सवय लावू नका.

एक सांगायचं राहिलं, आणि ते न्याय्य आहे म्हणून सांगतो. शस्त्रक्रियेच्या मध्यात असलेला डॉक्टर किंवा आगीशी झुंजणारा जवान यांना मी वर जे बोललो ते लागू नाही. खंदकच्या लढाईत, हिजरी 5 मध्ये, खुद्द प्रेषितांची असर गेली आणि त्यांनी ती सूर्यास्तानंतर आधी असर, मग मगरिब अशी पढली. कझा अशांसाठी आहे. तुमच्या ज्या राहिल्यात त्याही याच क्रमाने भरा. हनफींकडे सहाहून कमी बाकी असतील तर आधी कझा, मग चालू वेळेची, फक्त चालू वेळच निघून जाणार असेल तर ती आधी. हैजच्या (मासिक पाळीच्या) दिवसांत बहिणींना नमाज माफ आहे, तिची कझाही नाही. सतत वुजू तुटायचा आजार असेल तर माझूरचे (अशा असमर्थ माणसाचे) नियम वेगळे आहेत, ते विचारून घ्या.

साहेबांचं राहिलं. परवानगी 'नमाजसाठी सुट्टी' अशी मागू नका. दुपारी आणि संध्याकाळी दहा-दहा मिनिटं, घड्याळातली वेळ ऋतूप्रमाणे सरकेल, काम मागे पडणार नाही, असं नेमकं सांगा आणि वर्षभराचा तक्ता हातात द्या. जुम्याचं (शुक्रवारच्या सामुदायिक नमाजचं) वेगळं मागा, खुतब्यासह (प्रवचनासह) त्याला जास्त वेळ लागतो. जुमा हुकलाच तर जोहरच्या चार रकात पढायच्या, दोन नव्हे.