आमटीत पूड कालवू का?

प्रश्न : नवरा अक्कलकोट रोडला यंत्रमागावर आहे. सकाळी हात थरथरतात, घोटभर घेतली की थांबतात. शेजारीण म्हणते, दारू सोडवायची पूड आमटीत गुपचूप घाल. घालू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नको, ताई. अशा पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असू शकतं. त्यावर दारू पोटात गेली की उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो; जीवही जाऊ शकतो. ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

मला खरी काळजी त्या थरथरीची वाटते. असा माणूस दारू प्यायचा एकदम थांबला, तर पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, पुढे दोन-तीन दिवसांत भ्रमही होतो. म्हणून शपथ घालू नका (देवाची तर नकोच). आधी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. ते थरथर आवरायला गोळ्या देतात आणि टप्प्याटप्प्याने कमी करत आणतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात.

पुढची आखणी नवऱ्याला सोबत बसवूनच करायची. मी पहिला प्रश्न विचारते : पगार कधी होतो आणि घरी कुठल्या रस्त्याने येता? गुत्ता त्याच वाटेवर निघतो. त्या संध्याकाळी सोबत कोण, तुम्ही की दीर, हे आधीच ठरवा.

ते यायला तयार नसतील, तर तुम्ही एकट्या १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोला. फोन मोफत आहे.