दादाची नजर गेली, म्हणून बीडीएस करू का?

प्रश्न : मी कळव्याला राहते, बारावी सायन्सला आहे. दादा घोडबंदर रोडला बाइकवरून पडला. गालाचं आणि डोळ्याखालचं हाड मोडलं. चेहरा नीट बसवला, पण त्या डोळ्याने आता दिसत नाही. ऑपरेशन करणारे सर मुळात डेंटिस्ट, हे कळल्यावर मी एमबीबीएसऐवजी बीडीएस करायचं ठरवलंय. घरचे नको म्हणतात.

उत्तर : तुझ्या दादाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. चेहऱ्याची हाडं प्लेट-स्क्रूने बसवणारे मॅक्सिलोफेशियल सर्जन बीडीएसनंतर ३ वर्षांचं एमडीएस करतात. ते ‘दातांचं काम’ नव्हे, हे घरी जरूर सांग. पण तुला हाडं बसवायची आहेत की नजर वाचवायची आहे?

कारण नजर बहुतेकदा मार बसतो त्याच क्षणी किंवा पुढच्या काही तासांत जाते. दृष्टीची नसच चेपली, तर खात्रीचा उपचार आजही नाही. डोळ्यामागे रक्त साठून दाब वाढला, तर मात्र पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याला छेद देऊन तो लगेच सोडवावा लागतो. दीड-दोन तास उलटले की नुकसान कायमचं होऊ लागतं. त्यासाठी सीटी स्कॅनची वाट बघत नाहीत. सुजलेली पापणी उघडून ‘किती बोटं दिसतात?’ विचारणारा, बाहुलीवर टॉर्च मारणारा कॅज्युअल्टीतला डॉक्टर तिथे सगळ्यात महत्त्वाचा. हाडांचं ऑपरेशन अनेकदा सूज उतरल्यावर, काही दिवसांनी होतं.

नजर वाचवण्याची ओढ असेल तर माझं मत एमबीबीएस, मग इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एमडी किंवा नेत्ररोगात एमएस. चेहरा पुन्हा उभा करण्याची असेल तर बीडीएस. मात्र त्या ५ वर्षांत रूट कॅनल आणि कवळ्याच जास्त असतील. एमडीएसला हवी ती शाखा मिळाली नाही, तर दातांचा दवाखाना मनापासून चालवशील का? उत्तर ‘नाही’ आलं तर बीडीएस घेऊ नकोस.

घाई मात्र नको. दोन्हींसाठी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा एकच. निवड राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या पसंतीक्रमात करायची. एमबीबीएससाठी तुझ्या कळव्यातच राजीव गांधी मेडिकल कॉलेज आहे. सरकारी डेंटल कॉलेज सीएसएमटीजवळ, तेही लोकलच्या टप्प्यात. नेरूळ, कामोठ्याची खासगी कॉलेजं फी बघूनच भर; त्यातल्या अभिमत विद्यापीठांचे प्रवेश मात्र सीईटी सेलकडून नाही, केंद्राच्या एमसीसीकडून होतात.

आणि दादाला नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा घ्यायला लाव. चांगल्या डोळ्याला आता इजा होऊन चालणार नाही.