पाठीत लागलेला गळ

चि.स अनेक आशीर्वाद.

मासेमारीच्या स्पर्धेत दुसरा आलास, त्याबद्दलच्या तुझ्या चार पानी पत्रात वारा, पाणी, आमिष, सगळं आलं. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, कंसात: ‘गळ तोंडात नव्हता, पाठीवरच्या पराजवळ लागला होता.’ कंसात का रे? पत्र त्या एका वाक्यासाठीच लिहिलंस ना?

तुमच्या स्पर्धेचा नियम तूच उतरवून पाठवलायस. गळ तोंडात नसेल तर मासा मोजणीत धरायचा नाही. मग ‘मी मुद्दाम केलं नाही’ हे कशाला? आयजीएफए या आंतरराष्ट्रीय मासेमारी संघटनेच्या नियमांत हेतू पाहतात. मुद्दाम ओरबाडून अडकवलेला मासा तिथे बाद. तुमच्याकडे हेतूचा प्रश्नच नाही. जाळीत घेतलास, गळ काढलास, पाहिलंस. तिथेच सांगायचं. आपणहून, कुणी विचारायच्या आत.

‘लोक तर माशांच्या पोटात शिसं भरतात’ हे वाक्य मला मुळीच आवडलं नाही. सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या ईरी सरोवरावरच्या स्पर्धेत दोघांनी ते केलं, खरं आहे. पाच वॉलाय माशांचं वजन भरलं 33.91 पौंड, दिसत होते जेमतेम वीस पौंडांचे. आयोजकाने सगळ्यांदेखत पोटं फाडली, तर आत शिशाची वजनं आणि दुसऱ्या माशांचे तुकडे. पुढे दोघांना 10 दिवसांची कैद झाली, होडीही जप्त झाली. त्यांच्या शेजारी उभं राहिलं की आपण सज्जन दिसतो. तेवढ्यासाठीच तू त्यांना पत्रात आणलंस.

मीही आणत होतो. आमच्या एका स्पर्धेत मासा जिवंत आणावा लागे, मेला तर वजनात कपात. दुपारी टाकीचं झाकण उघडलं तर माझा सगळ्यात मोठा मासा कुशीवर. कल्ला एकदा उचले, मग बराच वेळ काही नाही. करणी माझीच. फोटोसाठी त्याला कोरड्या हातांनी, जबड्याला धरून उभा लटकवला होता; अंगावरचा बुळबुळीत थर माझ्या तळव्यांना लागून आला होता. वजनाच्या रांगेत पाण्याच्या पिशवीत हात घातला, त्याची शेपटी दोन बोटांत धरली आणि हळूहळू डावी-उजवीकडे हलवत राहिलो. वजन घेणाऱ्याने डोकावून पाहिलं आणि ‘जिवंत’ लिहिलं. मी तिसरा आलो. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं स्वतःला कितीतरी वर्षं बजावत राहिलो. कोणी विचारत नसतं, गाढवा! म्हणून तर विचारायच्या आत.

त्यानंतर मात्र मी हट्टाला पेटलो. एकदा तोल गेला तेव्हा जोडीदाराने माझी काठी क्षणभर सावरली. मासा लागलेला असताना दुसऱ्याचा हात काठीला लागला की तो मासा आपला राहत नाही. मी काठावर येताच सांगून टाकलं. आमची जोडी बाद झाली. तो अजून माझ्याशी बोलत नाही, मी आडमुठा आहे म्हणतो. असेन. मासा माझ्या नावावर लागत होता, तोंडही मीच उघडायला हवं होतं. (आधी त्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, हे आत्ता लिहिताना वाटतंय. तेव्हा नाही सुचलं.)

तर आज आयोजकांना लिही. तीन ओळी पुरेत: कुठला मासा, गळ कुठे होता, बक्षीस परत करतोय. वाऱ्याचं वर्णन नको. तुझ्यामागे जो तिसरा आला, त्याचा एकदाही उल्लेख तुझ्या पत्रात नाही. दुसरा नंबर त्याचा आहे.

आणि तो गळ पकडीने सोडवलास की ओढून काढलास, मासा पाण्यात सोडल्यावर सरळ खाली गेला की कलंडला, यातलं काहीच लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात कळव. कंस न घालता.