अनोळखी लोक भर रस्त्यात भांडत असतील तर मध्ये पडावं का?

प्रश्नाखाली तुम्ही ‘की उगाच आपल्यावरच शेकतं?’ अशी पुस्ती जोडली आहे. शेकतं. माझ्यावर शेकलंय. तरीही पडावं, आणि ह्यावरून आमच्या घरात गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

रात्रीची वेळ, स्टेशनचा प्लॅटफॉर्म, गाडी उशिरा. बाकाच्या एका टोकाला मी आणि नवरा, दुसऱ्या टोकाला विशीतली एक मुलगी आणि तिशीचा एक माणूस. तो दबक्या आवाजात एकच धोशा लावून होता, “चल म्हटलं ना, किती वेळा सांगायचं?” मुलगी मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी कवटाळून बसलेली. मधूनच “नाही म्हटलं ना” म्हणायची आणि गप्प व्हायची. त्याची दोन बोटं तिच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकवलेली होती. ओढत नव्हता, नुसती अडकवलेली. मला खटकलं ते एवढंच.

मी उठायला लागले तर नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “नवरा-बायको असतील. पार्किंगचं विसरलीस?”

पार्किंगचं सांगायलाच हवं. त्याच्या आदल्या वर्षी गाडीला ओरखडा पडला म्हणून दोन पुरुष हमरीतुमरीवर आले होते आणि मी जास्त ओरडणाऱ्याला म्हणाले, “तुम्ही जरा शांत व्हा.” (हे वाक्य जगात कुणालाही कधीही म्हणू नका.) झालं, दोघांची एकी झाली आणि दोघं मिळून माझ्यावर घसरले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, मला लाभल्या त्या शिव्या. नवरा हा किस्सा चार माणसं जमली की हातवारे करून सांगतो.

तर त्या किश्श्याच्या धाकाने मी खाली बसले. बारा मिनिटं. समोरच घड्याळ होतं, म्हणून आकडा पक्का आहे.

मग गाडीची घोषणा झाली, तो उठला आणि त्याने पट्टा खेचला. मुलीने त्याच्याकडे बघितलं नाही. बाकावरच्या आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मी गेले आणि सरळ दोघांच्या मध्ये बसले. त्याच्याशी अवाक्षर बोलले नाही. तिला विचारलं, “ही गाडी मधल्या स्टेशनांवर थांबते का गं?” ती म्हणाली, “थांबते. काकू, मी तुमच्याबरोबर येऊ?” आणि मग मोठ्याने, “मी ह्यांना ओळखत नाही.” तो “तुमचा गैरसमज होतोय” असं काहीतरी पुटपुटत जिना चढून गेला. बसपासून तिच्या मागावर होता म्हणे. ओरडली का नाहीस, विचारलं तर म्हणाली, “सगळ्यांना घरचंच भांडण वाटलं असतं.”

आणि तिचं बरोबर होतं. 1976 साली शॉटलंड आणि स्ट्रॉ ह्या संशोधकांनी नेमकं हेच नाटक लोकांसमोर करून पाहिलं होतं. पुरुष बाईशी झटापट करतोय आणि ती ओरडते, “मी तुला ओळखत नाही,” तेव्हा 65 टक्के लोक मध्ये पडले. तीच झटापट, पण ती ओरडते, “तुझ्याशी लग्न का केलं मी,” तेव्हा फक्त 19 टक्के. उरलेल्या 81 मध्ये आमचे हे. बारा मिनिटं मीसुद्धा.

नवऱ्याचं ठेवणीतलं अस्त्र म्हणजे न्यूयॉर्कच्या किटी जेनोवीजचा 1964 मधला खून. “38 जण नुसते बघत बसले, माणूस असाच असतो.” त्याला किती वेळा सांगितलं की तो आकडा वर्तमानपत्राने फुगवला होता, खरंखुरं पाहणारे मोजकेच होते. एकाने खिडकीतून आरडाओरडा केल्यावर तो मारेकरी पळालाही होता. पळाला आणि नंतर परत आला, म्हणजे नुसतं खिडकीतून ओरडून भागत नाही, हेही खरं. आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या तीन शहरांमधल्या रस्त्यांवरची 219 भांडणं सीसीटीव्हीवर तपासली, तर 10 पैकी 9 वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. बघे जास्त तेवढी कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त. तेव्हा ‘माणूस असाच असतो’ हे बसून राहणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी काढलेलं वाक्य आहे.

आता तुम्ही लगेच उठून कुठेही घुसाल म्हणून सांगते. हातात काही असेल, माणूस प्यायलेला असेल, तर लांबूनच पोलिसांना फोन करा, सुरक्षारक्षकाला आणा. दोन बरोबरीची माणसं नुसती तोंडाने भांडत असतील तर भांडू द्या, दमतील (पार्किंगमध्ये मी हेच करायला हवं होतं, हे नवऱ्याला सांगू नका). मला विचाराल तर आवाजापेक्षा हाताकडे बघावं, आणि दोघांपैकी एकाला तिथून निघता येत नाहीये का, ते बघावं. ती खरंच नवरा-बायको असली तर नवऱ्याला चारचौघांत सुनावू नका, त्याचं उट्टं तो घरी गेल्यावर तिच्यावर काढतो. तिला एकटीला गाठून विचारा. आणि मोबाइल काढून तोंडासमोर धरणं म्हणजे मध्ये पडणं नव्हे.

नवरा अजून म्हणतो, “तो खरंच तिचा नवरा असता तर?” असता तर काय, मी एका बाईला गाडी कुठे थांबते ते विचारलं असतं, एवढंच. ह्यावर तो पुन्हा पार्किंग काढतो.