गनीम कोण आणि कावा कोणाचा?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन आघाडीच्या मागे, व्यापलेल्या मुलखातल्या जंगलांत राहून लढणाऱ्या सोव्हिएत ‘पार्टिझान्स्की अत्र्याद’ला मराठीत काय म्हणावे, असे एका अनुवादक वाचकांनी विचारले आहे. त्यांनी स्वतःच तीन पर्याय सुचवले आहेत : ‘प्रादेशिक गनीम दल’, ‘गनिमी टोळी’ आणि ‘गोरिला पथक’. सोबत आपल्या मसुद्यातील दोन वाक्येही पाठवली आहेत. ‘सुमी प्रदेशातील गनिमांनी त्या रात्री जर्मनांचा पूल उडवला’ हे पहिले (सुमी हा युक्रेनमधला मुलूख), आणि ‘पहाटेपूर्वी दोघे जण भाषा पकडून आणायला गेले’ हे दुसरे. दुसऱ्या वाक्याने माझी झोप उडवली, पण त्याकडे शेवटी येतो, कारण पहिल्या वाक्यातील दोष आता साथीसारखा पसरला आहे.

‘गोरिला’चा निकाल आधी लावू. स्पॅनिशमध्ये ‘गेरा’ म्हणजे युद्ध. त्याला लघुत्वाचा प्रत्यय लागला की ‘गेरिया’, म्हणजे लहान युद्ध, जसे आपल्याकडे डब्याची डबी होते. नेपोलियनच्या फौजांना स्पेनमध्ये १८०८ ते १८१४ या काळात गावोगावच्या टोळ्यांनी जेरीस आणले, तेव्हा हा शब्द युरोपभर झाला. गोरिला हा आफ्रिकेतील वानर असून त्याने कोणाचेही पूल उडवल्याची नोंद नाही.

आता गनीम. गनीम म्हणजे शत्रू. गनीम म्हणजे लपून लढणारा वीर नव्हे, छापामार नव्हे, स्वातंत्र्यसैनिक तर मुळीच नव्हे. तरीही व्याख्यानांत, चित्रपटांखालच्या मराठी ओळींत आणि आता अनुवादांतही ‘व्हिएतनामी गनीम’, ‘क्यूबाचे गनीम’ असे शब्द सर्रास दिसतात, आणि ते लिहिणाऱ्याला आपण त्या बिचाऱ्यांना वैऱ्यांच्या रांगेत उभे केले आहे याचा पत्ताही नसतो. ‘सुमी प्रदेशातील गनिमांनी जर्मनांचा पूल उडवला’ या वाक्याचा मराठीत सरळ अर्थ असा की, सुमी प्रदेशात आपले शत्रू होते आणि त्यांनी पूल उडवला. म्हणजे अनुवादक नकळत जर्मन छावणीत जाऊन बसला आहे.

हा घोटाळा ‘गनिमी कावा’ या जोडशब्दामुळे झाला आहे. या शब्दाची फोड शाळेपासून ‘गनिमाला फसवण्याचा कावा’ अशी करून दिली जाते, आणि एरवी आदरणीय असलेले काही अभ्यासकही तीच फोड पुढे रेटतात. मला ती मान्य नाही. मराठीत ‘ई’ लागून झालेले हे विशेषण ज्याचे असते त्याचे असते. सरकारी काम सरकारचे असते, सरकारला फसवण्याचे नसते. मोगली फौज मोगलांची असते, मोगलांवर चालून जाणारी नसते. त्या न्यायाने गनिमी कावा हा गनिमाचा, म्हणजे शत्रूचा कावा ठरतो. मग हा शत्रू कोणाचा? मोगलांचा. औरंगजेबाच्या छावणीतल्या फारसी लिखाणात मराठ्यांना ‘गनीम’ म्हणण्याची रीतच होती, आणि पुष्कळदा त्याला ‘लईम’, म्हणजे नीच, हे विशेषणही जोडलेले असे. मराठ्यांनी वैऱ्याने दिलेले नाव उचलले, त्यातला ‘नीच’ वगळला आणि आपल्या लढण्याच्या रीतीला ते बिरुदासारखे लावले. मराठी कागदांत मोगलांनाही गनीम म्हटलेले आढळते, हा आक्षेप मला ठाऊक आहे. शत्रूला शत्रू कोणीही म्हणेल. प्रश्न एका विशिष्ट जोडशब्दाचा आहे, आणि त्यातील विशेषणाचे व्याकरण कोणाच्या अभिमानासाठी बदलत नाही.

पण खरी गंमत ‘गनिमी’त नसून ‘कावा’त आहे. कावा म्हणजे कपट, डावपेच, आणि असे कपट करणारा तो कावेबाज, एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. कोणी त्याला थेट ‘कपट’ या संस्कृत शब्दाशी नेऊन भिडवतात. ध्वनिनियमांची एवढी ओढाताण करण्यापेक्षा त्यांनी एखाद्या सकाळी घोडे शिकवण्याच्या मैदानावर जाऊन उभे राहावे. घोडेवाल्यांच्या फारसी-हिंदी बोलीत ‘कावा’ म्हणजे घोड्याला वर्तुळात फिरवणे. हिंदीत ‘कावा देना’ म्हणजे घोड्याला असा फेर देणे, आणि ‘कावा काटना’ म्हणजे वर्तुळात दौडणे आणि पुढे लक्षणेने नजर चुकवून दुसरीकडे निसटणे. घोड्याच्या पावलापासून माणसाच्या धूर्तपणापर्यंतचा सगळा प्रवास या एका वाक्प्रचारात उघडा पडला आहे.

मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे. पुण्यात एका मैदानावर एक म्हातारे शिक्षक लांब दोराचे एक टोक हातात धरून मध्यभागी उभे होते आणि दुसऱ्या टोकाला एक तांबूस घोडी दुडक्या चालीने त्यांच्याभोवती गोल फिरत होती. दोर ताणलेला, घोडीचा आतला कान सतत त्यांच्याकडे वळलेला, मातीत एक बारीक गोल चर उमटलेला. त्यांनी जिभेने टाळूवर एक आवाज केला, अर्धे पाऊल पुढे टाकले, आणि घोडी चालत्या चालीत वळून उलट दिशेने फिरू लागली. समोरून पाहणाऱ्याला वाटावे की ती पळून चालली आहे. पुढच्याच क्षणी ती त्याच्या पाठीमागे असते. मला त्या दिवशी कोशातला शब्द हलताना दिसला. वळवता न येणाऱ्या घोड्यावर बसून कावा करता येत नाही, आणि भीमथडीची लहान चणीची, काटक तट्टे यासाठीच नावाजलेली होती.

आता हा अर्थ घेऊन १६९५ मध्ये चित्रदुर्गाजवळच्या दोड्डेरीला जाऊ. कासिमखान या मोगल सरदाराने आपला डेरेदांडा पुढच्या मुक्कामाला रवाना केला होता. संताजी घोरपडे यांनी फौजेचे तीन भाग केले. एकाने तो पुढे गेलेला सरंजाम लुटला. खान तिकडे धावला तेव्हा दुसऱ्याने त्याला वाटेत गाठले. आणि तिसरा भाग मागे उरलेल्या छावणीवर पडला. अखेरीस मोगल फौज दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडली जाऊन उपाशी पडली. यात कपट कोठे आहे? यात फेर आहे. शत्रूला मध्यभागी उभे करून त्याच्याभोवती गोल फिरणे, आणि तो ज्या बाजूला तोंड करील त्याच्या पाठीशी असणे. म्हणून माझे मत असे की, ‘गनिमी कावा’तील कावा हा मुळात अश्वविद्येतील शब्द असून ‘फसवणूक’ ही त्यावर नंतर चढलेली पुटे आहेत. हे मत कोणाला अतिरेकी वाटत असेल, तर त्यांनी ‘कपट’पासून ‘कावा’ सिद्ध करून दाखवावा. मी थांबायला तयार आहे.

वाचकांचा प्रश्न पार्टिझनांविषयी होता, याची मला आठवण आहे. ‘पार्टिझन’ हा शब्द रशियन वाटत असला तरी मूळचा इटालियन असून फ्रेंचमार्गे रशियात गेला. मुळाशी ‘पार्ते’, म्हणजे भाग, बाजू. फ्रेंच लष्करी भाषेत मुख्य सैन्यातून वेगळा काढून पाठवलेला भाग तो ‘पार्ती’, आणि त्याचा म्होरक्या तो ‘पार्तिझां’. मराठी ‘तुकडी’ ‘तुकडा’पासून आली, तशीच ही घडण आहे. रशियन ‘अत्र्याद’मध्येही ‘र्याद’, म्हणजे रांग, दडलेली आहे. रांगेतून बाजूला काढलेले ते अत्र्याद.

रशियात या शब्दाला प्रतिष्ठा मिळाली १८१२ मध्ये. देनिस दाविदोव्ह या हुसार, म्हणजे हलक्या घोडदळाच्या, अधिकाऱ्याने, जो कवीही होता, नेपोलियनच्या पिछाडीवर छापे घालण्याची परवानगी मागितली आणि त्याला ५० हुसार व ८० कोसॅक मिळाले. पहिली अडचण फ्रेंचांकडून आली नाही. खेड्यापाड्यांतले रशियन शेतकरीच वेशी बंद करून, कुऱ्हाडी घेऊन दाविदोव्हच्या माणसांवर धावून येऊ लागले, कारण हुसारांचा पोशाख त्यांना फ्रेंचांसारखा दिसे. आम्ही रशियन बोलत नाही का, असे विचारल्यावर उत्तर मिळे की, फ्रेंचांतही सर्व तऱ्हेचे लोक आहेत. दाविदोव्हने मग शेतकऱ्याचा अंगरखा चढवला, दाढी वाढवली आणि छातीवर सन्मानपदकाऐवजी संत निकोलसची प्रतिमा लटकवली. नुसती मातृभाषा बोलून आपलेपणा सिद्ध होत नाही, हे भाषाभिमानी मंडळींना सांगण्यासाठी मला ही हकिगत फार उपयोगी पडते.

सोव्हिएत काळात शब्द तोच राहिला. जर्मनीने २२ जून १९४१ रोजी आक्रमण केल्यावर ३ जुलैच्या नभोवाणी भाषणात स्टालिनने व्यापलेल्या प्रदेशांत पार्टिझन पथके उभारण्याचे आवाहन केले, आणि ३० मे १९४२ रोजी पनोमारेन्को यांच्या हाताखाली त्यांचे मध्यवर्ती मुख्यालय स्थापन झाले. याच सुमारास पलीकडच्या बाजूलाही एक शब्दचर्चा झाली. १९४२ च्या उन्हाळ्यात नाझींच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर याने ‘पार्टिझन’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. त्यात मानाचा वास येत होता. त्याऐवजी ‘बांडेन’, म्हणजे दरोडेखोरांच्या टोळ्या, असे लिहायचे ठरले. मोगल छावणीतला ‘गनीम-ए-लईम’ लिहिणारा कारकून आणि बर्लिनमधला हा फतवा यांच्यात अडीचशे वर्षांचे अंतर असले तरी दोघांची गरज एकच होती. (जर्मन ‘बांडे’ आणि मराठी ‘बंड’ यांचे नाते जोडण्याचा मोह काहींना आताच झाला असेल. तो आवरावा.)

तेव्हा ‘टोळी’ बाद. तो शब्द हिमलरचा आहे. ‘तुकडी’ व्युत्पत्तीने चपखल बसते, परंतु मराठी कानाला तुकडी ही मोठ्या फौजेचा हुकूम पाळणारी वाटते, आणि ही माणसे महिनोन्‌महिने आपला सेनापती, आपला कमिसार (म्हणजे पक्षाचा राजकीय अधिकारी), आपला दवाखाना घेऊन स्वतंत्र नांदत होती. म्हणून ‘पथक’. मराठेशाहीत सरदाराचे स्वतःचे घोडदळ ते पथक. शिवाय गुजरातच्या जुन्या ताम्रपटांत ‘पथक’ हा मुलखाचा विभाग आहे, जसा आपला तालुका. मुलूख आणि त्या मुलखाच्या जोरावर उभी राहिलेली फौज यांना एकच शब्द लाभला, हा मला योगायोग वाटत नाही. ज्या पथकाचा वसूल, त्या पथकाची माणसे, असा तो अर्थ सरकला असावा, असे माझे अनुमान आहे. आज हा शब्द ढोल-ताशांकडे आणि परीक्षाकेंद्रांवर धाड घालणाऱ्या भरारी पथकांकडे गहाण पडला आहे, तो सोडवून आणण्याची ही चांगली संधी आहे.

‘प्रादेशिक’ मात्र नको, कारण त्या शब्दाबरोबर वाहन परवान्याची रांग डोळ्यांसमोर उभी राहते. ही पथके गावांच्या नावांनी ओळखली जात, तशीच ती मराठीत लिहावीत. पुतीव्हलचे पार्टिझन पथक, सुमीची पार्टिझन पथके. पुतीव्हलच्या पथकाचे प्रमुख सीदोर कोव्हपाक हे त्या गावच्या कारभाराचे अध्यक्ष होते; युद्ध आले तेव्हा त्यांचे वय ५४ होते आणि लोक त्यांना ‘दीद’ म्हणत. १९४३ च्या उन्हाळ्यात हेच गृहस्थ आपली फौज घेऊन कार्पेथियन डोंगरांपर्यंत जर्मनांच्या मुलखातून चालत गेले. ‘दीद’ म्हणजे आजोबा, परंतु अनुवादात ‘आजोबा’ लिहिले की गोष्टीतले आजोबा डोकावतात. तेथे ‘आबा’ लिहावे. तसेच बेलारूसमध्ये व्हितेब्स्कजवळ लढणाऱ्या मिनाय श्मिऱ्योव्ह यांना लोक ‘बात्का’, म्हणजे बाप, म्हणत. त्यांची चार मुले जर्मनांनी १९४२ मध्ये गोळ्या घालून मारली. ‘पिता मिनाय’ या अनुवादाने तो माणूस पाद्री होतो. ज्या साताऱ्याने पत्री सरकारच्या काळात आपल्या पुढाऱ्यांना नाना आणि बापू म्हटले, त्या साताऱ्याच्या भाषेला ‘बापू मिनाय’ जड जाऊ नये.

राहिले ते ‘भाषा पकडून आणायला गेले’. रशियन ‘इझीक’ म्हणजे जीभ, आणि इझीक म्हणजे भाषाही. लष्करी बोलीत मात्र माहिती काढून घेण्यासाठी जिवंत धरून आणलेला शत्रूचा माणूस तो ‘इझीक’, कारण त्याची जीभ चालते. मेलेला इझीक निरुपयोगी. अनुवादकाने कोशातला दुसरा अर्थ उचलल्यामुळे दोन सैनिक पहाटेच्या अंधारात व्याकरणाच्या शोधात निघाले आहेत. यासाठी फार लांब जायला नको. फारसी ‘जबान’ म्हणजेही जीभ आणि भाषा, आणि तिच्यापासून आलेली ‘जबानी’ आपल्या पोलीस चौकीत रोज घेतली जाते. ‘पहाटेपूर्वी दोघे जण जबानीसाठी एखादा जिवंत जर्मन धरून आणायला गेले’, असे लिहावे.