कोरडा कालवा बघायला काँगला जा

प्रश्न : नमस्कार ताई, मुलगी आयर्लंडमध्ये गॉलवेला नोकरीला आहे, जुलैमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय. ती म्हणते एक दिवस काँग नावाच्या गावाला जाऊ. पण ज्याला विचारावं तो अ‍ॅशफर्ड कॅसल आणि 1951 सालचं हॉलिवूडचं शूटिंग एवढंच सांगतो. ह्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. खरं जुनं असं तिथे काय आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नक्की जा! गाव एवढुसं आहे, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको, बसत-उठत बघून होतं. कॅसल शेवटी ठेवा, वेळ उरला तर.

आधी मठ. बाराव्या शतकातला, ख्रिस्ती धर्मातल्या ऑगस्टिनियन पंथाचा, आता बराचसा पडलाय पण दाराच्या कमानींवरचं कोरीवकाम अजून शाबूत आहे, जवळ जाऊन बघा. आयर्लंडचा शेवटचा 'हाय किंग', म्हणजे सगळ्या राजांच्या वरचा राजा, रोरी ओ'कॉनर राज्य सोडून इथे येऊन राहिला आणि 1198 मध्ये इथेच गेला. त्याच्या वडलांनी 1123 मध्ये करून घेतलेला प्रसिद्ध 'काँगचा क्रॉस' मात्र आता डब्लिनच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, डब्लिनला गेलात तर बघाच, तिकीट नाही.

मठामागे नदीच्या पाण्यातच एक दगडी खोली उभी आहे, तिथे मठातले साधू मासे धरायचे. आत शेकोटीची जागा आहे आणि जमिनीला चौकोनी भोक, खाली वाकून बघितलं की नदी पळताना दिसते, त्या भोकातून जाळं सोडायचं. म्हणतात की जाळ्याची दोरी थेट मठाच्या स्वयंपाकघरातल्या घंटेला बांधलेली असायची, मासा लागला की घंटा वाजायची. मी तिथे अर्धा तास नुसती बसून होते.

आणि आता माझ्या मते गावातली सगळ्यात महत्त्वाची जागा, तो कोरडा कालवा. उत्तरेला मास्क सरोवर, दक्षिणेला कॉरिब, त्या दोघांना जोडून बोटी न्यायच्या म्हणून 1848 मध्ये काम काढलं. काळ कुठला बघा, बटाट्यावर रोग पडून दुष्काळ पडलेला, आयर्लंडात दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली. म्हणजे हे दुष्काळी कामच, लोक पोटासाठी दगड फोडत होते. पण इथली सगळी जमीन चुनखडीची, आतून पोखरलेली, मास्कचं पाणी जमिनीखालूनच वाहत येतं आणि काँगमध्ये झऱ्यांनी वर निघतं. अशा जमिनीत कालव्यात पाणी टिकणार कसं? त्यात खर्च वाढत गेला, रेल्वेही येऊ घातली, शेवटी 1854 मध्ये काम थांबवलं. पावसाळी दिवसांत थोडंफार पाणी येतं पण जुलैत बहुतेक कोरडाच असेल. घडीव दगडाच्या भिंती इतक्या नीट बसवल्यात, की उपाशी माणसांनी हे केलंय हे आठवून मला तिथे भरून आलं. पाटी वाचून लोक पुढे जातात, तुम्ही थांबा.

गाडी असेल तर मुलीला सांगून मास्कच्या काठाने बॉलिनरोबकडे जा. याच भागात 1880 मध्ये कॅप्टन बॉयकॉट हा जमीनदाराचा एजंट होता. खंड कमी करेना म्हणून कुळांनी त्याच्याशी व्यवहारच तोडले, मजूर नाहीत, दुकानदार माल देईना, पीक काढायला उत्तरेतून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक! त्याच्या आडनावाचा शब्द झाला, आणि पंचवीस वर्षांनी तोच शब्द आपल्या स्वदेशीच्या चळवळीत आला, टिळकांच्या चतुःसूत्रीतला 'बहिष्कार' तो हाच. बॉयकॉटचं घर खाजगी आहे, आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच तो परिसर बघा.

बूट चांगले घ्या, मठाजवळचे दगड ओले असतात, आणि जुलै असला तरी ह्यांचं स्वेटर बॅगेत टाकाच.